फळ्यावर नाव नको

डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काकांचं फराळाचं दुकान होतं. बाहेरच्या फळ्यावर ते रोज जाहिरात लिहीत आणि मला हाक मारत, "ग्रॅज्युएट, बघा जरा." घरातला पहिला बी.ए. मी, सल्ला द्यायला लाजायचो नाही. "'चविष्ट' वगैरे काढा, कुणाकडे काय गेलं ते नावानिशी लिहा," म्हटलं. खप वाढला.

गणपतीच्या सकाळी शेजारच्या वहिनी मोदक नेताना कुजबुजल्या, "काका, नाव नको. सासूबाई मोहन्याहून येतायत. मीच केले म्हणून सांगितलंय."

काकांनी अख्खा फळा पुसून लिहिलं, 'आज मोदक नाहीत.'

"अहो, आत परात भरलीय," मी म्हणालो.

"असू दे."

तासाभरात सासूबाई फळा वाचत थांबल्या. "बरं झालं, सुनेने घरीच केलेत."

"नशीबवान आहात," काका म्हणाले आणि परातीवर फडकं ओढलं.