आगा नेमत आणि दीझीनचा पाळणा

आगा नेमतची गाडी भरल्याशिवाय हलत नसे. हिवाळ्यातल्या दर शुक्रवारी पहाटे इराणमधल्या करजच्या चौकात, हलीमवाल्याच्या दुकानासमोर ती उभी असायची. पिवळी गाडी, टपावर लोखंडी जाळी, आणि शेजारी दोन्ही हात काखेत दाबून आगा नेमत ओरडतोय, "दीझीन! दीझीन! एकच माणूस! फक्त एक!" गाडीत चिटपाखरू नसलं तरी त्याला हवा असायचा तो एकच माणूस. मी एकदा हटकलं तर म्हणाला, "बाई, चार हवेत म्हटलं तर थंडीत कोण उभं राहील? माणूस भरत आलेल्या गाडीकडेच येतो."

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. आठवडाभर मुलींवर ओरडते आणि शुक्रवारच्या सुट्टीत स्की खांद्यावर टाकून दीझीनच्या डोंगराकडे पळते. स्वतःची गाडी नाही, आणि असती तरी त्या रस्त्यावर बर्फात घालण्याची छाती मला नाही. त्यामुळे कित्येक हिवाळे मी आगा नेमतच्याच गाडीने गेले. सोबतीलाही बहुतेक तीच माणसं असत. एक इंजिनियर कामरानी, पोट सुटलेला आणि जिभेवर साखर. आणि होर्मोज व गीती हे नवराबायको, ज्यांचं लग्न याच गाडीत जमलं असं आगा नेमत सगळ्यांना सांगत सुटायचा.

गाडी भरली की खरा तमाशा सुरू होई. पुढच्या सीटवर कोणी बसायचं? बर्फ पडतोय, बोटं गारठलीत, आणि इंजिनियरसाहेब दार उघडून उभे. "खानुम, बाईसाहेब, आधी तुम्ही." "छे, तुमच्यासमोर मी पुढे बसू?" "माझ्या आईची शपथ आहे तुम्हाला." मग होर्मोज म्हणणार, "साहेब, तुमचे गुडघे..." आमच्याकडे याला तआरोफ म्हणतात. विचारणाऱ्याने तीनदा विचारायचं, ज्याला विचारलं त्याने दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा लाजत हो म्हणायचं. कोणी दोनदाच विचारून थांबला तर समजायचं की त्याच्या मनात काही नव्हतं, नुसती जीभ हलली. मला या प्रकाराचा मनापासून तिटकारा आहे. मी सरळ पुढे जाऊन बसत असे. उद्धट बाई म्हणून माझं नाव झालं, पण माझे पाय गरम राहिले.

वाटेतलं धरण मागे पडलं की गाडीत बोलणं आपोआप थांबायचं. तळ्यावर वाफ धरलेली असे, पाणी कुठे संपतं आणि डोंगर कुठे सुरू होतो ते कळत नसे. आगा नेमत संत्र्याच्या साली हीटरच्या जाळीवर ठेवायचा, त्यांचा गोडसर कडू वास गाडीभर पसरे. बोगदा येई, जाई, पुन्हा पांढरं. गीतीचं डोकं होर्मोजच्या खांद्यावर, इंजिनियरसाहेब तोंड उघडं टाकून झोपलेले, आणि मी अर्ध्या डोळ्यांनी पुढचा रस्ता बघतेय. तो तास मला स्की करण्यापेक्षाही आवडायचा. आपण कुठे जातोय, आपलं वय काय, घरी कोणाशी भांडण झालंय, काहीच आठवत नसे.

दीझीनला पोचलो की आम्ही स्की काढून पळायचो आणि आगा नेमत गाडीतच झोपायचा. लोकरी टोपी नाकापर्यंत ओढून, पाय गिअरवरून पलीकडे टाकून. उतरत्या उन्हात आम्ही परत येईपर्यंत तो तसाच. आणि परतीच्या वाटेवर तो आम्हाला त्या दिवशीचं स्वप्न सांगायचा.

स्वप्न दरवेळी एकच असे, फक्त पुढे सरकलेलं. लाल पाळणा येतो. म्हणजे तारेवरून शिखरापर्यंत जाणारा तो अंड्यासारखा डबा, ज्यात बसून आम्ही वर जातो. आत चहाच्या पाण्याचा समोवार उकळत असतो. समोर आगा नेमतची वारलेली आई बसलेली असते आणि त्याच्या चहाच्या पेल्यात साखरेचा खडा टाकत असते, जो तिने जन्मात कधी चहात टाकला नाही, दातात धरला. पाळणा ढगात शिरतो. मेंढ्या खालून वर बघतात. आणि कोणीतरी, चेहरा दिसत नाही, पण कोणीतरी म्हणतं, "या आगा नेमत, तुमचीच वाट बघत होतो."

"मग?" गीती विचारायची.

"मग काय. तुम्ही येता आणि काच बडवता."

सगळे हसायचे. मीही हसायचे. पण एकदा उतरताना मी त्याला म्हटलं, "आगा नेमत, इतकी वर्षं इथे येता. एकदा जा की वर! एक तिकीट काढायचं आणि बसायचं."

तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी भागाकारच चुकले होते. "तिकीट काढून लग्नाला जातात का, बाई?"

तेव्हा मला कळलं. या माणसाने आख्खा जन्म लोकांना वर नेलं. त्याला एकदा कोणीतरी नेलेलं हवं होतं. स्वतः जाण्यात त्याला काही राम वाटत नव्हता. आणि विचारलं तर सगळ्यांनीच होतं! इंजिनियर कामरानी तर दर शुक्रवारी न चुकता विचारायचा: "आगा नेमत, चला, आज तुम्ही आमचे पाहुणे. पाळण्यात बसू." आगा नेमत छातीवर हात ठेवून म्हणायचा, "तुमच्यावरून जीव ओवाळून टाकीन, साहेब, पण गाडी कोण बघणार?" इंजिनियर म्हणायचा, "अहो, चला हो." आगा नेमत म्हणायचा, "तुमची सावली कमी न होवो." आणि तिथे संपायचं. तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही.

यंदाच्या इस्फंद महिन्यात, म्हणजे हिवाळा सरत आला तेव्हा, आगा नेमतने हीटरवरची साल उलटी करत सहज सांगितलं की नवरोजनंतर तो बंदर अब्बासला मुलाकडे राहायला जातोय, कायमचा. बायकोची हाडं दुखतात, थंडी सोसत नाही. गाडी विकली जाणार. "तिथे बर्फ पडत नाही म्हणे," तो म्हणाला. "लोकांना बर्फ फक्त सरबतात माहीत." कोणी हसलं नाही. पुढच्या शुक्रवारी तो शेवटचं येणार होता.

त्या शेवटच्या शुक्रवारी धुकं इतकं दाट होतं की गाडीतळावरून पहिला खांबसुद्धा दिसत नव्हता. आम्ही स्की उतरवले. इंजिनियरने सवयीने, बुटाचा पट्टा आवळता आवळता, वर न बघता म्हटलं, "चला आगा नेमत, आज तुम्ही आमचे पाहुणे."

आगा नेमत म्हणाला, "चला."

एवढंच. ना जीव ओवाळला, ना गाडीचं निमित्त काढलं. पहिल्याच विचारण्याला हो! इंजिनियर वाकलेला तसाच राहिला. होर्मोजने गीतीकडे बघितलं, गीतीने आकाशाकडे. आमच्यात असं कोणी करत नाही. म्हणजे हा माणूस किती वर्षं तिसऱ्या विचारण्याची वाट बघून थकला असेल! आगा नेमतचे कान लाल झाले होते, पण तो मागे हटला नाही. त्याने गाडीला कुलूप लावलं, टोपी नीट केली आणि आमच्यासोबत चालू लागला.

"हो, हो, अवश्य," इंजिनियर उशिरा म्हणाला. "किती छान."

पाळणे थांबत नाहीत. ते फलाटावर वळतात, हळू होतात, दार उघडं असतं तेवढ्यात आत शिरायचं. एकात चौघं मावतात आणि आम्ही होतो पाच. ठरलं की आगा नेमत, मी आणि इंजिनियर पहिल्यात बसू आणि नवराबायको मागच्यात. पाळणा आला. आणि लागली की हो तीच जुनी कीड! इंजिनियर म्हणाला, "आगा नेमत, आधी तुम्ही." आगा नेमत म्हणाला, "तुमच्या आधी? अशक्य." होर्मोज मध्येच म्हणाला, "बाईंना जाऊ द्या." पाळणा सरकतोय, फलाटावरचा माणूस ओरडतोय, "बसा, बसा!" आणि आगा नेमतच्या हातांनी त्यांचं रोजचं काम केलं. त्याने गीतीला आत बसवलं, होर्मोजला ढकललं, इंजिनियरचा कोट दारात अडकू नये म्हणून आत सारला, मला कोपराला धरून चढवलं, दार लावलं आणि बाहेरून दारावर दोन थापा मारल्या. गाडी भरली की तो असंच करायचा.

आम्ही वर निघालो. तो फलाटावर छातीवर हात ठेवून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते उमटायला दोन क्षण लागले, आणि मग धुकं मध्ये आलं.

शिखरावर आम्ही वाट बघत राहिलो. मागचा पाळणा रिकामा आला. त्यामागच्यातून थर्मास घेतलेली एक बाई आणि तिच्या मुली उतरल्या. "खाली एक म्हातारेबुवा आहेत," ती कौतुकाने म्हणाली, "आम्हाला म्हणाले, आधी तुम्ही. किती सभ्य माणूस!" मग दोन तरुण आले. त्यांनाही त्यानेच आधी बसवलं होतं. मग एक जोडपं.

"त्याला यायचंच नसेल," इंजिनियर म्हणाला. "मी तर विचारलं होतं."

"तुम्ही दर शुक्रवारी विचारलंत, साहेब," मी म्हणाले. "आज तो हो म्हणाला तेव्हा तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं."

माझा आवाज चढला होता. थर्मासवाल्या बाईने मुलींना जवळ घेतलं. मी माझे स्की गीतीच्या हातात दिले आणि खाली जाणाऱ्या पाळण्यात चढले. वरचा माणूस म्हणाला, "खानुम, खाली जायला स्की असतात." मी म्हटलं, "तुम्हाला विचारलंय का मी?"

उतरताना काचेबाहेर फक्त पांढरं होतं. पाळणा हलत होता, तार कुठेतरी कण्हत होती, आणि मला मध्येच वाटलं की मी वर जातेय की खाली, तेही सांगता येणार नाही. तो गाडीत जाऊन झोपला असेल तर? आणि संध्याकाळी नेहमीसारखं हसत स्वप्न सांगेल, आणि बंदर अब्बासला निघून जाईल. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मला राग येतो.

तो फलाटावरच होता. भिंतीला टेकून, मागच्या लोकांना हाताने पुढे करत.

"बाई? काही विसरलं का?"

"हो," मी म्हणाले आणि त्याची बाही धरली.

"अहो, लोक बघताहेत!"

"बघू देत."

"आधी तुम्..."

"तोंड बंद, आगा नेमत!" हा आवाज मी फक्त नववीच्या वर्गात वापरते. फलाटावरचा माणूस खदाखदा हसला. चारचौघांत एक बाई एका परपुरुषाला बाहीला धरून ओढत होती, आणि तो ओढला जात होता. मी त्याला आत ढकललं, मागोमाग शिरले, दार ओढून घेतलं.

तो बसला, तळहात गुडघ्यांवर, पाठ ताठ. खांब आला आणि पाळणा खडखडला की त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा, ब्रेकवर दाबल्यासारखा.

"हे कोण चालवतंय?" त्याने विचारलं.

"इथे कोणी नाही. खालून यंत्राने चालतं."

"मग मी काय करू?"

"काही नाही. बसा."

त्याने मान डोलावली. पुढच्या खांबाला पाय पुन्हा दाबला गेला, त्याच्या पुढच्याला थोडा कमी. मग धुकं विरळ झालं, पिवळं झालं, आणि एकदम आम्ही त्याच्या वर आलो. खाली सगळं दूध होतं, रस्ता नाही, गाडीतळ नाही, करज नाही. दूरवर उन्हात दमावंदचा डोंगर एकटाच बसला होता. आगा नेमतने पाठ मागे टेकली. त्याचा पाय शांत झाला होता. तो रडत होता, अगदी आवाज न करता, आणि त्याने ते लपवलं नाही. मीही नाही.

"स्वप्नात एवढी थंडी नव्हती, बाई," तो थोड्या वेळाने म्हणाला.

"तिथे समोवार होता."

"हो. खरंच की."

वर फलाट दिसू लागला. गीती दोन्ही हात हलवत होती, होर्मोज शिट्टी वाजवत होता. इंजिनियर कामरानी टोपी हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा होता, आणि पाळणा पूर्ण आत यायच्या आधीच म्हणू लागला, "या आगा नेमत, या, या, या." मी मोजत नव्हते, पण तीनपेक्षा जास्तच वेळा.

दार उघडलं. मी थांबले, कारण आता तो मला "आधी तुम्ही" म्हणणार होता. आगा नेमतने बाहीने तोंड पुसलं, उठला, आणि माझ्याकडे न बघता आधी उतरला.