थूको-मत अंकलचा घोट

जिन्यात पानाची पिंक टाकणारा माणूस दिसला की आमच्या शेजारच्या काकांच्या अंगात वीरश्री संचारायची. भोपाळात भिंती बहुधा लोकांना थुंकता यावं म्हणूनच रंगवतात, त्यामुळे हे युद्ध रोजचंच. बरखेड्याच्या क्वार्टरांतली पोरं त्यांना ‘थूको-मत अंकल’ म्हणायची. काकांना ती पदवी वाटायची.

काका मूळचे पुण्याचे, कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्तीनंतर तेच काम त्यांनी फुकट चालू ठेवलं. दारूला ते जन्मात शिवले नव्हते, तरी दारुड्यांबद्दल त्यांचं मत त्या मानाने बरं होतं. "पिणारा कधीतरी सुधारतो," ते म्हणायचे, "थुंकणारा नाही."

त्यांना स्वस्थ बसणं मात्र ठाऊक नव्हतं. आणि काकूंची, त्या नागपूरच्या, आयुष्यभराची इच्छा एकच होती: कुठेतरी नदीकाठी नवऱ्याशेजारी काहीही न करता बसावं. रिटायर झालो की नेतो, असा काकांचा वायदा होता. रिटायर होऊन वर्षं लोटली, काकूंचे गुडघे बोलू लागले, तेव्हा त्यांनीच भाच्याला फोन लावला. हा भाचा नाशिकजवळ, कादवा नदीच्या काठी एका वायनरीत मॅनेजर. तिथल्या गेस्टहाऊसमध्ये आठवडाभर राहायचं ठरलं. काकू मला म्हणाल्या, "तू पण चल ना बाप्पा. हे तुझ्याशी बोलत राहतील, तेवढीच मी मोकळी."

तिथे चहूकडे द्राक्षमळे, खाली नदी आणि करायला काहीच नाही. काकांनी पहिल्या दिवशी व्हरांड्यातल्या खुर्च्या एका रेषेत लावल्या. दुसऱ्या दिवशी माळ्यांना ठिबकच्या नळीतली गळती दाखवत हिंडले. काकू काठावर एकट्याच बसल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "एकटी तर मी भोपाळातही बसून राहते रे. त्यासाठी इतक्या दूर यायचं काय काम होतं?" मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी भाच्याने वाईन चाखायला बोलावलं. काका आधी नाही म्हणाले. मग "नमुना तपासणं म्हणजे पिणं नव्हे" असा निवाडा स्वतःच देऊन हजर झाले. ग्लास फिरवला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला. तेव्हा भाच्याने अदबीने एक भांडं पुढे केलं. "आता यात थुंका, काका. सगळे तसंच करतात."

काकांचे गाल फुगलेले, डोळे भांड्यावर. गिळावं तर जन्माचं व्रत मोडतं, थुंकावं तर जन्माचं युद्ध हरावं लागतं. तोंड भरलेलं असल्यामुळे त्यांना भांडताही येईना. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि गिळलं. मग तपासणी अर्धवट कशी सोडायची, म्हणून पुढचे सगळे नमुनेही गिळले.

जेवण झाल्यावर ते आपण होऊन काठावर गेले आणि काकूंच्या शेजारी बसले. ऊन उतरलं तरी उठले नाहीत. मी चहाला बोलवायला गेलो तर म्हणाले, "बस की. घाई काय आहे?" हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मी खरंच बसलो. काकूंनी डोळ्यांनीच मला हाकललं. पुढे त्या भाच्याला रोज हळूच सांगायच्या, "जेवणाआधी यांच्याकडून थोडं तपासून घेत जा." काका रोज तपासायचे, गिळायचे आणि बसायचे. काकूंचा चेहरा त्या दिवसांत जसा दिसला, तसा मी बरखेड्यात कधी पाहिला नव्हता.

यंदाच्या हिवाळ्यात काका गेले, झोपेतच. काकू रडल्या नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देत राहिल्या. जिना मला ओळखू येईना, इतका तो शांत झाला होता. तेराव्याला वरच्या मजल्यावरचे शुक्लाजी जेवायला आले होते. हे काकांचे सर्वांत जुने शत्रू. निघताना त्यांनी सवयीने खिशातलं पान तोंडात टाकलं, आणि जिन्यातल्या आपल्या ठरलेल्या कोपऱ्यापाशी थबकले. गाल फुगलेले, नजर भिंतीवर. काकू दारातच उभ्या होत्या.

"निगल जाओ, भैया," त्या म्हणाल्या. "उन्होंने भी निगला था."

शुक्लाजींना बिचाऱ्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी मुकाट गिळलं. काकू आधी हसल्या. मग दाराची चौकट धरून पोटभर रडल्या.