दिग्दर्शकाची दाढी

कॅनडात वॉनला राहत असताना मी एका म्हाताऱ्या इटालियन न्हाव्याकडे दाढीला जायचो. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासताना तो शीळ घालायचा. आरशाशेजारी त्याच्या देशातल्या एका जुन्या भयपट-दिग्दर्शकाचा फोटो होता. एकदा मी उगाच शायनिंग मारली, "यांचे सगळे सिनेमे डीव्हीडीवर पाहिलेत मी. आता तर हसूच येतं."

शीळ थांबली. माझ्या गळ्याला वस्तरा लावत तो म्हणाला, "हल्ली सगळेच हसतात. आयुष्यभर त्यानं पडद्यावर गळे कापले. पण रोमला माझ्याकडे दाढीला आला, की माझा एप्रन मुठीत धरून डोळे मिटून बसायचा. जे दाखवलं, त्याला तो खरंच घाबरायचा."

मान डोलवायचा धीर मला झाला नाही. बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "दाढी झाली. डोळे उघडा, आणि माझा एप्रन सोडा."