वंदनाताईंची नजर

डाव मांडला की वंदनाताई आधी पटावरची आपली माणसं एकेक करून उचलत, डोळ्यांजवळ धरत आणि नावानं हाक मारत. माणसं बोटाच्या दोन पेरांएवढी, त्यांनीच बारीक कुंचल्यानं रंगवलेली. चाकणच्या आमच्या कंपनीत त्या ब्रेकचे सुटे भाग शेवटच्या तपासणीला बघायच्या. मी शेजारी पॅकिंगला. रविवारी दुपारी चिंचवडला माझ्या घरी आम्ही चौघं खेळायला बसायचो.

खेळ तसा भयाणच. कुठल्याशा मेलेल्या ग्रहावरची खाण, आत शिरलेलं काहीतरी, आणि अंधारातून बाहेर पडू पाहणारी पाच-सहा माणसं. प्रत्येकाचं एक कार्ड: नाव, भीती, जखमा. माणूस मेला की कार्ड फाडायचं. आम्ही एखाद्याला खुशाल मरायला सोडून बाकीच्यांना वाचवायचो. ताई नाही. "त्याला बी आई आसंल," म्हणायच्या, आणि एका जखमीपायी अख्खा डाव हरायच्या.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी त्यांनी नवी डॉक्टरीण रंगवून आणली. तिचे डोळे गालावर उतरले होते. हिला खाणीतल्या त्या कशाची तरी लागण झाली वाटतं, म्हणून बाकीचे दोघं हसले. ताईही हसल्या. पण पुढे फासा पडला तेव्हा त्यांनी तो उचलून ठिपके अंगठ्यानं चाचपले.

दोघं गेल्यावर मी विचारलं. तीन आठवड्यांपासून त्यांना मधोमध धुरकट दिसत होतं. दवाखान्यात गेल्या नव्हत्या, कारण मग काम सुटलं असतं. त्या कंत्राटावर, नवरा घरी बसलेला, मुलगी बारावीला.

"कुणाला बोलू नका, भाऊ. माझं मी सांगते," एवढंच म्हणाल्या. मी कबूल केलं.

सोमवारपासूनही त्यांनी पास केलेला माल माझ्या हाती येतच राहिला. मी एखादा तुकडा उजेडात धरून बघायचो, पण त्यातलं मला काय कळणार? मग खोक्याला टेप मारून वर तारखेची चिठ्ठी लिहून चिकटवायचो. रस्त्यात पुढची गाडी थांबली तरी दचकायचो. तोंड मात्र उघडलं नाही.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ताई डबा न उघडताच आल्या आणि सुपरवायझरकडे सोबत चला म्हणाल्या. तिथं उभ्याउभ्याच बोलल्या, "साहेब, मला नीट दिसत न्हाई. चार आठवड्यांचा माझा सगळा माल परत बघा."

पुढचे आठ दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. बाहेर गेलेला मालही परत मागवला. चार तुकड्यांना केसाएवढे तडे निघाले. त्यातला एकही अजून कुठल्या गाडीत बसवलेला नव्हता. ताईंना कामावरून कमी केलं. उपचारानं उरलेली नजर टिकली; गेलेली परत आली नाही.

एकही तुकडा गाडीत बसवलेला नव्हता, हे सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. त्या उंबऱ्यातच खाली बसल्या आणि बराच वेळ रडल्या.

"आपण येळंवर सांगितलं, भाऊ," म्हणाल्या.

चारांपैकी दोन तुकडे मी कबूल केल्यानंतरच्या सोमवारच्या खोक्यात निघाले होते. चिठ्ठीवर अक्षर माझं होतं. मी नुसता हो म्हणालो.