लंकाबाईची सुई

लंकाबाई नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. चुलीपाशी बसल्या बसल्या सासू-सासऱ्यांचं भांडण तिच्या कानावर पडलं.

"धाकट्याच्या डोळ्यापुढं धुकं येतंय. आज फवारणीचा पंप नका देऊ त्याच्या पाठीवर."

"पायावर उभा हाय ना? मग काय धाड भरली त्याला?"

धाकटा दीर द्राक्षबागेत औषध फवारायला गेला, तो जित्ता परत आला नाही. आदल्याच संध्याकाळी तिनं त्याला सुईत दोरा ओवायला दिला होता. तीनदा हुकला. दोघं पोट धरून हसली होती.

तेव्हापासून फवारणीच्या दिवसांत लंकाबाई रोज दिवेलागणीला सुई-दोरा घेऊन दिंडोरीकडच्या आपल्या मजूरवस्तीत दारोदार फिरते. ज्याचा दोरा हुकला, त्याच्या अंगात औषध भिनलं; त्याला साबणानं आंघोळ आणि थेट दवाखाना. स्वतः दुसरीतूनच शेळ्यांमागं गेलेली; पण वस्तीत तिच्यापुढं बोलायची कुणाची टाप नाही.

औंदा नाशिकहून चैताली नावाची पोरगी आली. फवारणाऱ्यांच्या तब्येतीसाठी मोबाइलवर ॲप करायचं होतं.

"मावशी, वापरणार तुम्ही लोक, तर कसं हवं तेही तुम्हीच सांगा."

लंकाबाईनं सुईचं सांगितलं. "आणि बाई, मुकादमाच्या मोबाइलात नको घालू. त्याच्यासमोर कोण चक्कर आली म्हणंल? दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही, मजुरीचा खाडा होतो."

पोरीनं सगळं लिहून घेतलं. पण मोठी बैठक ठेवली भरदुपारी. फवारणारे सगळे बागेत. त्यांच्या वतीनं मुकादम बोलला, चहाही तोच प्याला. ॲप आलं ते त्याच्याच मोबाइलात. बरं वाटत असेल तर हिरवा चेहरा दाबायचा, नसेल तर लाल.

पंधरा दिवस सगळे चेहरे हिरवे. मुकादम कौतुकानं दाखवत सुटला. इतकी माणसं एकदम बरी लंकाबाईनं मात्र जन्मात पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी ती फवारणीवरनं आलेल्या फकिराच्या दारात उभी राहिली. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"काकू, आता कशाला? मी हिरवं दाबलंय."

"दाबलंस तर दाबलंस. आता हे ओव."

दोरा हुकला. पुन्हा हुकला. फकिरा हसला, आणि ते हसू तिनं ओळखलं.

"कपडे काढ त्याचे, साबण लाव," ती त्याच्या बायकोला म्हणाली, आणि तिनं १०८ला फोन लावला.

गाडी फकिराला घेऊन गेली. मुकादमाच्या मोबाइलात त्याचा चेहरा अजून हिरवाच होता.

वस्तीतलं शेवटचं घर राहिलं होतं. लंकाबाईनं दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, कडी वाजवली आणि सुई पुढं धरली.

"ओव रे."