सहा चिंचोके आणि तीन दशकं

तेर्समाय देवाच्या आईशी भांडायची. आम्हां ख्रिस्ती लोकांत जपमाळेच्या प्रार्थनेला जुनी माणसं तेर्स म्हणतात. आमच्या वाडीत चाळीस-एक वर्षं तो सांगण्याचं काम हिच्याकडे होतं, म्हणून हिचं नाव तेर्समाय पडलं. तिचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते चौकशीच्या कागदावर, साक्षीदार म्हणून.

प्रार्थनेचा आवाज लोक मऊ करतात. हिचा आवाज रेवदंड्याच्या बाजारात सुके बोंबील विकतानाचाच असायचा. "नमो मरिये" अशा काही ठसक्यात म्हणायची, की समोरचीनं भाव पाडून मागितलाय असं वाटावं. तिचा नवरा आणि थोरला मुलगा एकाच होडीबरोबर बुडाले होते. फादरनी एकदा तिला समजावलं, "माय, जरा शांतपणे म्हणावं." ती म्हणाली, "फादर, तिचा पण पोरगा मेला. तिला राग कळतो. तुम्हाला न्हाय कळायचा."

पण रागाला तिनं एक शिस्त घालून दिली होती. बायका दमल्या, पोरं चुळबुळायला लागली, की कुणीतरी दोन मणी गाळून पुढे जायला बघायचं. तेर्समाय तिथंच थांबायची आणि त्याच मण्यापासून पुन्हा सुरू करायची. "राग आला तर ओरडा. मणी गाळायचा न्हाय."

मी कारखान्यात रीडिंग घेतो. दर तासाला दाब, तापमान, पाण्याची पातळी. त्यामुळे तिची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिचं माप. घड्याळ तिला वाचता येत नसे. दहा मण्यांचं एक दशक, अशी पाच दशकं आणि सुरुवातीचे थोडे मणी मिळून एक तेर्स, हेच तिचं घड्याळ. भात दोन दशकांत. पुलावरून बाजार एक तेर्स. रेवसहून बोटीनं भाऊच्या धक्क्याला पाच तेर्स, वारा समोरून असला तर साडेपाच. मोजणी लांबली तर प्रत्येक पुऱ्या तेर्साला एक चिंचोका बाजूला काढून ठेवायची. चिंचोके कायम कनवटीला असायचे. मी तिला हसायचो. एकदा गुपचूप घड्याळ लावून पाहिलं. अठरा मिनिटं. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहिलं. अठरा. हसणं बंद केलं.

आता मुख्य गोष्ट.

तो शनिवार होता. मी दुसऱ्या पाळीला कारखान्यात होतो, आणि मोबाइल आत नेता येत नाही. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. आईच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तिच्याजवळ एकटी तेर्समाय होती. तिनं आईच्या जुन्या फोनवरून रुग्णवाहिकेला फोन लावला. हिरवी कळ आणि भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिलेला नंबर, एवढं तिला मी शिकवून ठेवलं होतं. पलीकडून उत्तर आलं, "गाडी निघाली आहे. दहा मिनिटांत पोचेल. पेशंटला हलवू नका."

पेशंटला हलवू नका. ते एक वाक्य मी आजही शांतपणे लिहू शकत नाही. नाक्यावर रिक्षा होती. शेजारच्याचा टेम्पो होता. दोघींनी आज्ञा पाळली आणि वाट बघितली. तेर्समायनं पुन्हा फोन केला, तेच उत्तर. आईचा हात धरून तिनं तेर्स सांगायला घेतला. एक संपला की खिडकीत एक चिंचोका. गाडी दारात आली तेव्हा खिडकीत सहा चिंचोके होते आणि सातव्या तेर्साचं तिसरं दशक संपत होतं. आईचा हात पाचव्यातच सैल पडला होता.

हिशेब सोपा आहे. सहा अठरे एकशे आठ, वर तीन दशकं. दोन तासांना दोन-चार मिनिटं कमी. मी तक्रार केली. उत्तर आलं, की गाडी पस्तीस मिनिटांत पोचली, तशी नोंद आहे. रुग्णालयात जायला उशीर झाला तो वाटेतल्या पर्यटकांच्या गर्दीमुळे. पुढे ड्रायव्हर मला चहाच्या टपरीवर एकट्याला म्हणाला, की त्या दुपारी गाडी किनाऱ्यावर एका पुढाऱ्याच्या कार्यक्रमाला उभी केली होती. लिहून दे म्हटल्यावर त्यानं चहा अर्धा टाकला आणि उठला.

फोन केल्याची वेळ फोनमध्ये होती. गाडी आल्याची वेळ कुठं होती? आमच्या भिंतीवरचं घड्याळ दोन महिने बंद होतं. सेल संपला होता. कारखान्यात एक काटा अडकला तर मी रिपोर्ट लिहितो, आणि घरातल्या घड्याळात सेल घातला नाही. माझा निम्मा राग कुणावर आहे, ते इथं कबूल करतो.

मी पुन्हा अर्ज केला तेव्हा चौकशी लागली, आणि त्या दिवशी तेर्समाय नवं लुगडं नेसून आली. अधिकारी वयानं लहान होता, उद्धट नव्हता. त्यानं विचारलं, "आजी, गाडी किती वेळानं आली?"

"सहा तेर्स आणि तीन दशकं." तिनं रुमाल सोडला आणि सहा चिंचोके त्याच्या टेबलावर ओळीनं मांडले.

तो माझ्याकडे बघायला लागला. मी समजावून सांगितलं. तो हसू दाबत म्हणाला, "माळेवर वेळ कसा मोजणार, आजी? प्रसंग तसा होता. तुम्ही रागात होता, घाबरला होता. भराभर म्हटलं असेल."

"रागात व्हते. भराभर न्हाय म्हटलं."

"ते कसं सांगता येईल?"

"म्हणून दावते. तुमचं घड्याळ हाय ना भिंतीवर? चालतं ना ते? ह्याच्या घरातल्यासारखं न्हाय ना?"

मी मान खाली घातली. तिनं क्रूस कपाळाला लावला आणि सुरू केलं. बाजारातल्या आवाजात. बाहेरच्या बाकावरची माणसं दारात गोळा झाली. शिपाई चहा ठेवून गेला, चहावर साय धरली. अधिकाऱ्यानं दोनदा "पुरे, आजी" म्हटलं. तिनं डोळे वटारून हातानंच त्याला गप्प बसवलं. संपला तेव्हा मी भिंतीकडे बघितलं. अठरा मिनिटं.

"योगायोग असतो," तो म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"मग परत म्हणते."

परत म्हणाली. अठरा. तिसऱ्यांदा तिनं क्रूस उचलला तसं त्यानं पेन उचललं. "नको. लिहितो मी."

त्यानं काय लिहिलं ते मला महिनाभरानं टपालानं कळलं. ‘साक्षीदाराच्या प्रार्थनेचा कालावधी सातत्याने अठरा मिनिटे आढळला. तथापि आगमनाच्या वेळेबाबत घड्याळाचा पुरावा उपलब्ध नाही. तक्रार निकाली.’ चिंचोक्यांचा उल्लेखही नव्हता. मी तेर्समायला वाचून दाखवलं. "निकाली म्हणजे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "संपली." ती म्हणाली, "कुनाची संपली?"

त्या दिवसापासून मी प्रार्थना सोडली. रविवारी मिस्सेला जाणं सोडलं. फादर घरी आले, त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, की ज्या वेळी माझी आई "आमच्यासाठी विनंती कर" म्हणत होती, त्या वेळी वर कुणाचा फोन लागत नव्हता का, ते मला आधी सांगा. "मला माहीत नाही," ते म्हणाले. निदान खोटं बोलले नाहीत.

तेर्समायनं मला एका शब्दानं समजावलं नाही. फादर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माळ घेऊन आली आणि माझ्या ओटीवर बसली.

"मी म्हणणार नाही, माय," मी आधीच सांगून टाकलं.

"तुला कोन म्हणतंय म्हन म्हनून? तू टाइम बघ."

"कशाला?"

"उद्या परत कोनी इचारलं तर? माझं वय झालं. घड्याळ बिघडलं का बघायला नको?"

म्हणून मी टाइम बघत बसलो. दुसऱ्या पाळीचे दिवस सोडले, तर चार वर्षं रोज. मी वहीत लिहून ठेवत होतो, तिला बरं वाटावं म्हणून. पहिल्या वर्षी सगळे अठरा. मग साडेअठरा. शेवटच्या पावसाळ्यात, दमा वाढल्यावर, तेवीसपर्यंत गेलं. दोन मण्यांमध्ये ती श्वासासाठी थांबायची, पण मणी सोडायची नाही. मी एकदा म्हटलं, "माय, तीनच दशकं म्हण. देवाला चालेल." ती म्हणाली, "देवाला चालंल रं. त्या हाफिसातल्याला चालायचं न्हाय." आणि स्वतःच हसली, खोकत.

ती गेली तेव्हाही शनिवारच होता. आता आमच्या वाडीत निम्म्या घरांत पर्यटकांना खोल्या भाड्यानं देतात. शनिवारी दुपारी पाहुणे येतात, मासे तळायचे असतात, चादरी घालायच्या असतात. तिच्या उशाशी तेर्स सांगायला एक तरतरीत माणूस उभा राहिला, हातात माइक. बायका मागून उत्तर देत होत्या, ते याच्या पुढच्या वाक्यात मिसळत होतं. मी सवयीनं वेळ पाहिली होती. अकराव्या मिनिटाला त्यानं शेवटचा क्रूस केला. मी मोजत होतो. तिसऱ्या दशकात सात मणी झाले, चौथ्यात सहा.

माझ्या डोक्यात आग उठली. पस्तीस मिनिटांची नोंद करणारा हात आणि हा हात, मला एकच दिसायला लागला.

"थांबा," मी म्हटलं. "सात मणी गाळलेत. परत घ्या."

"लुईस, आता काय हे," माइकवाला हळू आवाजात म्हणाला. "लोकांना कामं आहेत. आणि तू कुठं म्हणतोस आता? तुला येतो का तरी?"

"चार वर्षं ऐकलाय," मी म्हटलं. "ज्यांना कामं आहेत त्यांनी जावं."

दोघे-तिघे गेले. बाकीचे बसले. माळ तिच्या बोटांत गुंडाळलेली होती, ती काढावीशी वाटली नाही. मोजायला मी माझ्या बोटांची पेरं धरली. माइक बाजूला ठेवला. आवाज मऊ करायचा प्रयत्न केला, तो झाला नाही. बाजारातलाच निघाला. आईच्या नावाचं, त्या फोनवरच्या वाक्याचं, बंद घड्याळाचं, निकाली काढलेल्या कागदाचं सगळं त्यात होतं, आणि मी ते समोरच्या मरियामातेच्या तसबिरीला तोंडावर ऐकवलं.

संपल्यावर सवयीनं मनगटाकडे पाहिलं. सुरुवात किती वाजता केली, ते मी बघितलंच नव्हतं. मणी मात्र एकही गाळला नव्हता.