वर श्री नसलेलं पत्र

पासष्टच्या लढाईत माझा थोरला भाऊ फौजेत होता. रोह्याच्या अलीकडे आमचं गाव. घरात वाचता येणारी मी एकटी. आईला अक्षरओळख नव्हती, पण पत्राच्या माथ्यावरचा श्री तिला कळायचा. मयताचं पत्र असलं की वर श्री घालत नाहीत. त्या दिवशीच्या पत्रावर तो नव्हता. आई उंबऱ्यातच बसली.

मी घाईघाईने वाचलं. भाऊ धड होता. त्याच्या शेजारी झोपणारा साताऱ्याकडचा पोरगा गेला होता. आईने डोळे पुसले.

"त्याच्या आयशीला कळलं असंल काय गो?" ती म्हणाली, आणि लगेच, "फाड ते. घरात नको."

असं पत्र वाचलं की फाडायची रीतच होती. मी ते अंगणात फाडून पावसाच्या पाण्यात सोडलं. त्या अनोळखी पोरासाठी आईने डोक्यावरून पाणी घेतलं.

पत्राच्या शेवटी 'आईस' असं घालून भावाने चार ओळी आमच्यासाठी लिहिल्या होत्या. फाडायच्या घाईत त्या मी वाचल्याच नाहीत. माझ्या त्या मूर्खपणाचा राग अजून जात नाही.

पंधरा दिवसांनी तार आली. भाऊ गेला होता.

तेरावं झाल्यावर आईने विचारलं, "त्या पत्रात आपल्यासाठी काय लिवलं व्हतं गो त्यानं?"

"भातकापणीला येतो म्हणून," मी ठोकून दिलं.

कापणी आली तेव्हा आईने घरातल्या सगळ्या विळ्यांना धार लावून आणली. त्याच्याही.